धागा काढला, पण धरला कसा? पद्धतीवरचे निबंध वाचताना

"पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय. 'साहित्य आणि पद्धती'च्या प्रकरणात नेमकं काय लिहू?" हा प्रश्न नांदेड-लातूरकडच्या मुलामुलींकडून मला सारखा येतो. बहुतेक जण आधीच्या प्रबंधातून एक परिच्छेद उचलतात, त्यातली रसायनांची नावं बदलतात आणि शेवटी "प्रमाणित पद्धतीनुसार प्रयोग करण्यात आला" असं वाक्य टाकून मोकळे होतात. उपकरण कुठल्या कंपनीचं आणि मॉडेल नंबर काय, हे मात्र न चुकता असतं. नमुना हातात कसा धरला, कशाने पकडला, किती वेळा तुटला, हे कुठेच नसतं.

म्हणून आज पद्धत सांगणारे काही निबंध एकमेकांशेजारी ठेवून वाचूया. सगळ्यांचा विषय एकच आहे, काचेसारखा बारीक धागा आणि तार. हे निबंध कसे लिहिलेत, काय सांगतात आणि काय गाळतात, ते बघायचं. विषय लांबचा वाटेल, पण हा धागा आपल्या दारात येणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' उभं राहणार आहे आणि त्यातले आरसे अशाच धाग्यांवर टांगायचे आहेत. त्याकडे शेवटी येते.

१८८७ : सगळ्यांना आवडणारी गोष्ट

चार्ल्स व्हर्नन बॉइज हा लंडनमधला भौतिकशास्त्रज्ञ. १८८७ मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये त्याचा निबंध आला. शीर्षकाचा अर्थ असा: अतिसूक्ष्म धाग्यांची निर्मिती, गुणधर्म आणि काही सुचवलेले उपयोग.

त्याची अडचण आधी समजून घ्या. अगदी क्षीण बल मोजायचं असेल तर एका धाग्याला छोटी दांडी टांगतात. बल लागलं की दांडी फिरते, धाग्याला पीळ बसतो आणि पीळ किती बसला त्यावरून बल कळतं. कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये तारेवर दांडी टांगून असंच पृथ्वीची घनता मोजली होती. आता धागा जितका बारीक तितकं उपकरण संवेदनशील, आणि हा फरक साधासुधा नाही. पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. व्यास निम्मा केला की विरोध सोळाव्या भागावर येतो. व्यास दहावा भाग केला तर विरोध दहा हजारावा भाग होतो.

मग रेशीम का नको? रेशमाचा तंतू बारीक असतो, पण हवेतला दमटपणा बदलला की त्याचं वागणं बदलतं. धातूची तार बारीक करता येते, पण पीळ सोडल्यावर ती नेमकी मूळ जागी परत येत नाही. साध्या काचेचंही तसंच, ती परत येते पण रेंगाळत. बॉइजला हवा होता असा धागा, जो बारीक असेल, मजबूत असेल आणि सोडला की शून्यावर येईल. तो त्याला वितळवलेल्या क्वार्ट्झमध्ये, म्हणजे स्फटिकाच्या दगडात सापडला.

तो धागा कसा काढला, ती गोष्ट भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत चवीने सांगतात. बॉइजने एक छोटं आडवं धनुष्य केलं. बाण गवताच्या काडीचा. काडीच्या मागच्या टोकाला क्वार्ट्झचा तुकडा चिकटवला, ऑक्सिजनच्या प्रखर ज्योतीत क्वार्ट्झ वितळवला आणि बाण सोडला. बाण खोलीच्या पलीकडे गेला आणि मागे धागा ओढला गेला. सुमारे ९० फूट लांब आणि इंचाच्या दहा हजाराव्या भागाइतका, म्हणजे अडीच मायक्रॉनच्या आसपास जाड. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा.

गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. काडी, धनुष्य, ज्योत, सगळं कुणालाही जमवता येईल असं. 'साधनं नाहीत म्हणून संशोधन होत नाही' असं म्हणणाऱ्याला लोक ही गोष्ट ऐकवतात. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

शीर्षकातले तीन शब्द पुन्हा वाचा: निर्मिती, गुणधर्म, उपयोग. निर्मिती आणि उपयोग यांच्या मधे एक पायरी आहे, ती शीर्षकात नाही. डोळ्याला धड न दिसणारा, फुंकरीने उडणारा हा धागा उचलायचा कसा? त्याचं टोक दांडीला आणि वरच्या आधाराला पक्कं करायचं कसं? बाण सोडायला क्षण लागतो. खरी अडचण नंतर सुरू होते.

१८९४ : गोष्टीत न येणारा निबंध

बॉइजचा दुसरा निबंध सात वर्षांनी, १८९४ मध्ये, त्याच मासिकात आला. विषय फक्त एक: क्वार्ट्झचे धागे जोडायचे कसे. धनुष्याच्या गोष्टीत हा निबंध येत नाही. त्यात बाण नाही, त्यामुळे चित्र काढता येत नाही. पण तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर दोघांपैकी हाच आधी वाचा असं मी सांगेन.

धागा चिकटवायला त्या काळी हाताशी होती चपडा लाख. गरम केली की पातळ होते, थंड झाली की धरते. पण लाख शेवटी राळच आहे. सतत ताण आणि पीळ असला की ती हळूहळू सरकते. धागा कितीही इमानदारीने शून्यावर येत असो, त्याला धरणारा सांधा सरकत असेल तर उपकरणाचं शून्य सरकणारच. म्हणजे धाग्यासाठी केलेली सगळी मेहनत दोन टोकांच्या दोन थेंबांत वाया.

यावर बॉइजचा उपाय असा: धाग्याच्या टोकावर रासायनिक पद्धतीने चांदीचा पातळ थर चढवायचा, त्यावर विजेने तांब्याचा मुलामा द्यायचा आणि मग ते टोक धातूला डाख देऊन जोडायचं. काचेला डाख लागत नाही, तांब्याला लागतो. म्हणून काचेला टोकापुरतं तांब्याचं करून टाकायचं. बघा, यात नवा पदार्थ नाही, नवा सिद्धांत नाही. चांदीचा थर आरसेवाल्यांना माहीत होता, मुलामा दागिनेवाल्यांना, डाख तर कुठल्याही कारागिराला. तिन्ही गोष्टी या क्रमाने अडीच-पाच मायक्रॉनच्या टोकावर करून दाखवणं हा शोध होता.

पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, बॉइजने गुरुत्वस्थिरांकाचं मोजमाप प्रसिद्ध केलं. कॅव्हेंडिशची दांडी सहा फुटांची होती, बॉइजची इंचभराहूनही लहान. धागा इतका बारीक होता म्हणूनच उपकरण इतकं छोटं करता आलं. त्याचा आकडा आजच्या स्वीकारलेल्या आकड्यापासून सुमारे पाव टक्क्याने वेगळा आहे. क्रम लक्षात ठेवा: धागा १८८७, सांधा १८९४, निकाल १८९५. धागा मिळाल्यावर निकालाला आठ वर्षं लागली, सांधा प्रसिद्ध झाल्यावर एक. या दोन तारखांवरून मी सगळं श्रेय सांध्याला देत नाही, उपकरणात बाकीही बरंच होतं. पण गोष्ट सांगताना सांधाच गाळायचा, हे मात्र चुकीचं आहे.

सिडनीहून लिहिलेलं पुस्तक

तिसरा मजकूर आहे रिचर्ड थ्रेलफॉल यांचं १८९८ चं पुस्तक, 'ऑन लॅबोरेटरी आर्ट्स'. थ्रेलफॉल सिडनी विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. उपकरणं बनवणारे नामांकित कारागीर लंडन-बर्लिनमध्ये, आणि हे जहाजाने कित्येक आठवड्यांच्या अंतरावर. काही मोडलं तर पाठवून दुरुस्त करून आणायची सोय नाही. म्हणून या पुस्तकात काच फुंकण्यापासून भिंग घासण्यापर्यंत सगळं हातानं कसं करायचं ते लिहिलंय, आणि त्यात क्वार्ट्झच्या धाग्यांवर भरपूर मजकूर आहे: धागा काढणं, सांभाळणं, चांदीचा थर, डाख, सगळं.

बॉइज आणि थ्रेलफॉल यांच्या लिहिण्यातला फरक समजून घेण्यासारखा आहे. बॉइज आपल्या बरोबरीच्या लोकांना सांगतोय, "मी हे केलं." थ्रेलफॉल दूरच्या विद्यार्थ्याला सांगतायत, "तुला हे करायचं असेल तर असं कर." पहिल्या प्रकारच्या लिखाणाला मान मिळतो, संदर्भ मिळतात. दुसऱ्या प्रकाराने प्रयोगशाळा उभ्या राहतात. थ्रेलफॉल यांनी सहकारी पोलॉक यांच्यासोबत याच धाग्यावर गुरुत्वाकर्षण मोजणारं उपकरण बनवलं आणि १८९९ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. दुरून काम करणाऱ्याला पद्धत लिहून ठेवावीच लागते, कारण शेजारच्या खोलीत जाऊन विचारायला कुणी नसतं. मराठवाड्यातल्या संशोधकाला ही परिस्थिती वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

हात का लावायचा नाही

आता थोडं शास्त्र, नाहीतर पुढचं कळणार नाही.

काच ठिसूळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण ताज्या ओढलेल्या काचेच्या धाग्याची ताकद पोलादाच्या तारेलाही मागे टाकू शकते. ए. ए. ग्रिफिथने १९२१ च्या आपल्या निबंधात दाखवलं की काचेचा धागा जितका बारीक तितकी त्याची दर क्षेत्रफळामागची ताकद जास्त. कारण काच तुटते ती पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म चिरांमुळे. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो आणि चीर धावत सुटते. तांब्याच्या तारेत असं होत नाही. तिथे ताण एकवटला की धातू थोडा सरकतो, वाकतो, ताण वाटून घेतो. म्हणून मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कारागीर तांब्याची तार ओढतो, वाकवतो, ठोकून बसवतो आणि तार ते सहन करते. काच काहीच सहन करत नाही. बोटाचा स्पर्श, धुळीचा कण, दुसऱ्या धाग्याशी घासणं, यातलं काहीही नवी चीर पाडायला पुरतं.

ऑप्टिकल फायबरचा धंदाच यावर उभा आहे. छत्रपती संभाजीनगरला स्टरलाइटच्या कारखान्यात फायबर तयार होतो. फायबर कुठेही बनो, तो उंच टॉवरवरून ओढत खाली आणतात आणि खाली येता येताच, कशालाही स्पर्श होण्याआधी, त्यावर प्लास्टिकचं आवरण चढवतात. काच १२५ मायक्रॉन, आवरणासकट २५०. आपण ज्याला फायबर म्हणून हात लावतो ते खरं तर आवरण असतं, काचेला कुणी हात लावतच नाही. वाइंडिंगच्या तारेवरही इनॅमलचं आवरण असतं, पण ते वीज अडवायला. फायबरवरचं आवरण ताकद टिकवायला. दिसायला दोन्ही सारखंच काम: टोकापुरतं आवरण काढायचं, जोडायचं, पुन्हा झाकायचं. कारणं मात्र पूर्ण वेगळी.

रस्त्याच्या कडेला फायबर जोडणारा टेक्निशियन बघितलाय का कधी? बघाच. स्ट्रिपरने आवरण काढतो, अल्कोहोलच्या कापडाने पुसतो, क्लीव्हरने टोक सरळ कापतो, स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवतो, विजेच्या ठिणगीने जोडतो आणि सांध्यावर स्लीव्ह चढवतो. क्लीव्हर फायबर कापत नाही. तो एक बारीक चीर पाडतो आणि ताण देऊन त्या चिरेवर फायबर तोडतो. म्हणजे ग्रिफिथने जो दोष सांगितला, त्याचंच इथे हत्यार केलंय. एमएस्सीच्या पेपरात ग्रिफिथवर पाच मार्कांचं उत्तर लिहिणारे आणि रोज हे काम करणारे, या दोघांची गाठ आपल्याकडे कधी पडत नाही, हे मला खटकतं.

ग्लासगोचे निबंध आणि औंढा नागनाथ

आता आपल्या दाराकडे येऊ. लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणारं यंत्र. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांच्या टोकांना आरसे, आणि लहर आली की आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी कमी बदलतं. पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ ला नोंदली गेली. लायगो-इंडियाला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. पुण्याचं आयुका, इंदूरचं आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था या त्यातल्या प्रमुख संस्था. हिंगोली जिल्हा आपल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात येतो.

या यंत्रातला प्रत्येक मुख्य आरसा ४० किलोचा असतो. आधीच्या पिढीत आरसे पोलादी तारेवर टांगलेले असत. सध्याच्या पिढीत ते वितळवलेल्या सिलिकाच्या चार धाग्यांवर असतात. धागा सुमारे ६० सेंटीमीटर लांब, मधे फक्त ०.४ मिलिमीटर जाड. गणित करून बघा: एका धाग्यावर १० किलो, म्हणजे साधारण ९८ न्यूटन. क्षेत्रफळ ०.१२६ चौरस मिलिमीटर. ताण येतो सुमारे ७८० मेगापास्कल. न दुखावलेला धागा याच्या काही पट ताण सहज घेतो. दुखावलेला घेत नाही.

पोलाद सोडून काच का? कारण तार स्वतःच्या उष्णतेने थरथरते. पदार्थातलं आंतरिक घर्षण जितकं कमी, तितकी ही थरथर मोजमापाच्या पट्ट्यात कमी येते. सिलिकाच्या धाग्यात हे घर्षण पोलादी तारेच्या मानाने हजारपटीहूनही कमी आहे. बॉइजने 'सोडला की शून्यावर येतो' म्हणून जो गुण निवडला, त्याचंच हे नवं रूप.

हे धागे विकसित करण्यात ग्लासगो विद्यापीठाचा गट पुढे होता. त्यांचे दोन निबंध वाचा: २०११ चा 'रिव्ह्यू ऑफ सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स'मधला, कार्बन डायऑक्साइड लेसरने धागा ओढण्याच्या यंत्राबद्दल; आणि २०१२ चा 'क्लासिकल अँड क्वांटम ग्रॅव्हिटी'मधला, संपूर्ण टांगणीच्या रचनेबद्दल. धनुष्याच्या जागी लेसर आणि मोटारीवर चालणारं यंत्र आलं, म्हणून धागा दरवेळी त्याच मापाचा निघतो. टोकाला ३ मिलिमीटरची जाड कांडी तशीच ठेवतात, मग ०.८ मिलिमीटरची मान, मग ०.४ चा मधला भाग. मान मुद्दाम जाड, कारण धागा तिथेच वाकतो, आणि त्या ठराविक ताणाला उष्णतेमुळे होणारे दोन परिणाम एकमेकांना जवळपास रद्द करतात. ओढण्याआधी कांडीला लेसरने तापवून पृष्ठभागावरच्या चिरा मिटवतात. पकडायचं फक्त जाड टोकाला, मधल्या भागाला कधीच नाही. आरशाच्या बाजूंना सिलिकाचे 'कान' रासायनिक पद्धतीने चिकटवतात आणि धागा त्या कानांना लेसरने वितळवून जोडतात. लाख नाही, डाख नाही, पकड नाही. १८९४ चा प्रश्न इथे शेवटी असा सुटला की सांधा आणि धागा दोन्ही एकाच पदार्थाचे झाले.

हे निबंध चांगले आहेत. रचनेमागचं कारण देतात, धाग्याची मापं देतात, ताकदीच्या चाचण्या देतात. पण वाचून झाल्यावर तुम्ही तो धागा यंत्रातून काढून टांगणीपर्यंत नेऊ शकाल का? नाही. ते बारकावे निबंधात मावत नाहीत. ते असतात कार्यपद्धतीच्या कागदांत. लायगोच्या दस्तऐवज संग्रहातले बरेच कागद सगळ्यांना खुले आहेत, जाऊन बघा. मासिकाचा निबंध हा कामाचा एक भाग आहे, पूर्ण काम नव्हे. लिट्रेचर रिव्ह्यू करताना आपण फक्त निबंध मोजतो आणि हे कागद वाचतही नाही, हा आपल्या प्रशिक्षणातला मोठा दोष आहे.

इटलीतल्या व्हर्गो यंत्राचं काय झालं तेही बघा. तिथेही आरसे सिलिकाच्या धाग्यांवर टांगले, आणि धागे तुटायला लागले. धाग्याची रचना चुकली होती का, सांधा कच्चा होता का, असे सगळे संशय घेऊन झाले. दोष निघाला वेगळ्याच जागी: निर्वात टाकीत हवा परत सोडताना उडालेले सूक्ष्म कण धाग्यांवर आदळत होते. तोवर वेळ हातातून जात होता, म्हणून ऑगस्ट २०१७ मध्ये व्हर्गो पोलादी तारांवरच निरीक्षणात उतरलं, आणि सिलिकाचे धागे २०१८ मध्ये पुन्हा बसवले गेले. सिद्धांत आधीही बरोबरच होता. धागा ज्या हवेत ठेवला होता तिच्यात धूळ होती.

जे लिहूनही कळत नाही

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: "हाताचं कसब शब्दांत येतच नाही, मग लिहून काय फायदा?"

याचंही उदाहरण याच क्षेत्रात आहे. हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने २००१ मध्ये एक निबंध लिहिला. मॉस्कोच्या गटाने नीलमणी स्फटिकातलं आंतरिक घर्षण किती कमी असतं ते मोजून दाखवलं होतं. पश्चिमेतल्या प्रयोगशाळांना वीसेक वर्षं तो आकडा गाठता आला नाही, आणि त्यामुळे आकड्यावरच शंका घेतली गेली. ग्लासगोला तो जमला १९९९ मध्ये, दोन्ही गटांनी एकमेकांकडे जाऊन, शेजारी उभं राहून काम केल्यावर. अनेक बारकाव्यांतला एक असा: स्फटिक ज्या बारीक धाग्यावर टांगायचा त्याला किंचित स्निग्ध वंगण लागतं, जास्त नको, कमी नको. रशियन शास्त्रज्ञ त्यासाठी कधी कधी धागा आपल्या नाकाच्या कडेवरून फिरवून घ्यायचा! त्वचेवरचं तेल नेमकं पुरायचं. हे कुठल्या निबंधात कसं लिहिणार?

मग मार्ग काय? माझ्या मते दोन गोष्टी कराव्या लागतात, एक करून भागत नाही. जेवढं लिहिता येतं तेवढं प्रामाणिकपणे लिहायचं, आणि जे लिहिता येत नाही त्यासाठी प्रत्यक्ष जायचं. नांदेडहून पुण्याला किंवा इंदूरला पंधरा दिवस जाऊन एखादं तंत्र शिकून येणं, हा संशोधनाच्या प्रस्तावातला खर्च आहे. तो फिरण्याचा खर्च नव्हे. प्रस्तावात तो वेगळा मागा, आणि काय शिकायला जातोय ते नेमकं लिहा.

आपल्याबद्दल

लायगो-इंडियावर मराठीत भरपूर लिहून येतं. त्यात आइनस्टाइन असतो, कृष्णविवरं असतात, कोटींचे आकडे असतात, 'मराठवाड्याचं नाव जगाच्या नकाशावर' असतं. धागा क्वचितच असतो. वाचणाऱ्या बारावीच्या मुलाला वाटतं, इथे एकतर आइनस्टाइन लागतो नाहीतर सिक्युरिटी गार्ड. मधल्या शेकडो कामांची त्याला कल्पनाच येत नाही: निर्वात टाकी स्वच्छ ठेवणं, सांधे तपासणं, धागा ओढणं, वजन लटकवून त्याची परीक्षा घेणं. हा धागा कपाटात साठवून ठेवण्याची वस्तू नाही. तो वापरायच्या जागेजवळ ओढावा लागतो. हिंगोलीतही हे काम कुणाच्या तरी हातांना करावं लागेल. ते हात आपल्याकडचे असतील का, हा माझा खरा प्रश्न आहे.

लातूर पॅटर्नने आपल्याला बरंच दिलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. खेड्यातली मुलं त्यामुळे मेडिकल-इंजिनिअरिंगला गेली. पण चार पर्यायांतला एक निवडण्याच्या सरावाने हाताला काही येत नाही. नेट-सेटपर्यंत आपण तेच करतो, आणि एकदम पीएचडीत उपकरणासमोर उभं राहिल्यावर 'प्रमाणित पद्धतीनुसार' हे वाक्य शोधतो. ज्याने पद्धत हाताने केली नाही, त्याला याहून वेगळं वाक्य सुचणार तरी कसं?

तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी एवढं करा. तुमच्या विषयातला पद्धतीवरचा एक निबंध घ्या आणि त्याला चार प्रश्न विचारा. नमुना बनवल्यापासून मोजेपर्यंत तो कुणी, कशाने, कुठे धरला? तो कुठे तुटतो किंवा बिघडतो, ते सांगितलंय का? किती प्रयत्नांतले किती यशस्वी झाले, हा आकडा आहे का? आणि लेखकाला भेटल्याशिवाय हे मला करता येईल का? ज्या प्रश्नाचं उत्तर निबंधात मिळणार नाही, तिथे तुमच्या 'साहित्य आणि पद्धती'च्या प्रकरणाला जागा आहे.

आणि आजपासून प्रयोगवहीत एक जास्तीचा रकाना आखा: 'कसं धरलं'. चिमटा कुठला, टोकावर टेप होती का, नमुना पडला का, पंखा चालू होता का. आज बावळट वाटेल. पण तुमच्यानंतर तुमच्या टेबलावर येणारी मुलगी कदाचित मुखेडहून नाहीतर अहमदपूरहून आलेली असेल, तिला विचारायला तुम्ही तिथे नसाल. तिला तुमच्या आलेखांआधी हा रकाना लागेल.